जर्मनीला कुटुंबासह येताना : पहिल्या तीन महिन्यांत आधी काय, नंतर काय?

रानजाई

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही चौघं न्युर्नबर्गला येतोय. नवऱ्याचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवासपरवाना) आहे, माझा आणि मुलांचा फॅमिली व्हिसा. मुलगी ९ वर्षांची, इथे चौथीत आहे. मुलगा नुकताच ४ पूर्ण झालाय. जर्मन कोणालाच येत नाही, मुलीला थोडं इंग्रजी येतं. कंपनी पहिले सहा आठवडे सामानासकटचं घर देतेय, त्यानंतरचं आम्हीच शोधायचं.

कामांची यादी भरपूर वाचली, पण कुठलं काम कुठल्या कामावाचून अडतं ते कळत नाही. म्हणून नेमकं विचारते. नोंदणी आधी की घर आधी? मुलीला कुठल्या इयत्तेत बसवतील? आरोग्यविमा सरकारी घ्यावा की खाजगी, कारण कंपनीने दोन्हीची माहिती पाठवली आहे. आणि इथून निघताना कोणते कागद, कोणत्या वस्तू घ्याव्यात आणि काय अजिबात घेऊ नये?

उत्तरायण

आजच कंपनीला मेल करून एक गोष्ट लेखी विचारा : त्या सहा आठवड्यांच्या घराच्या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का, आणि घरमालक वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग देईल का? पहिला शब्द म्हणजे राहत्या पत्त्याची शहराच्या कार्यालयात नोंद. दुसरा म्हणजे 'हे लोक माझ्या घरात अमुक तारखेपासून राहतात' असा घरमालकाच्या सहीचा एक पानी कागद. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो. सुट्टीसाठी दिली जाणारी घरं आणि सर्व्हिस अपार्टमेंटवाले बऱ्याचदा तो देत नाहीत. कंपनीचं उत्तर 'नाही' आलं तर निघायच्या आधीच घर बदलून मागा. इथे येऊन ते निस्तरणं फार जड जातं.

त्याला एवढं महत्त्व का, ते सांगतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंद करायची असा कायदा आहे. नोंद झाली की दोन-तीन आठवड्यांत प्रत्येकाचा ११ अंकी कर-क्रमांक पोस्टाने येतो, लहान मुलांचासुद्धा. नवऱ्याच्या कंपनीकडे तो वेळेत पोचला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड कर कापला जाऊ शकतो. पैसे नंतर परत मिळतात, पण नेमका पहिल्या महिन्यात, डिपॉझिट भरायच्या वेळी, हात आखडतो. मुलांचा भत्ता म्हणजे किंडरगेल्ड २०२६ पासून प्रत्येकी महिना २५९ युरो आहे. त्याच्या अर्जालाही हेच क्रमांक लागतात. अर्ज रेंगाळला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात, त्याआधीचे बुडतात.

नोंदणीला जाताना चौघांचे मूळ पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र आणि दोन्ही मुलांचे जन्मदाखले जर्मन भाषांतरासह न्या. भाषांतर कोर्टाची शपथ घेतलेल्या अनुवादकाचंच लागतं. हे लोक स्कॅनवरून काम करतात, त्यामुळे निघायच्या आधीच ऑनलाइन करून घेता येतं. आपल्याकडच्या दाखल्यावर मराठीसोबत इंग्रजी असतं म्हणून भाषांतर टाळू नका. एका खिडकीवर इंग्रजी चालतं, पुढच्या खिडकीवर तोच कागद परत करतात. लग्नाची नोंद नीट झाली नाही तर नवऱ्याला अविवाहिताचा पहिला करवर्ग लागतो. नोंद झाली की दोघांना चौथा मिळतो. एकच जण कमावत असेल तर फिनान्त्सआम्टकडे, म्हणजे करकचेरीकडे, अर्ज करून तीन-पाच अशी जोडी घेता येते. वर्षाचा एकूण कर त्याने कमी होत नाही, दरमहा हातात येणारी रक्कम तेवढी वाढते.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. चर्चचा कर फक्त चर्चच्या सभासदांना असतो आणि बायर्नमध्ये, म्हणजे न्युर्नबर्गच्या राज्यात, तो आयकराच्या ८ टक्के आहे. सभासद नसाल तर तो रकाना तसा भरा आणि छापून आलेल्या कागदावर पुन्हा तपासा.

आता नावाचं. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं. इथे ती दोन्ही तुमची पहिली नावं म्हणून चढतात. चढू द्या. विमा, बँक, शाळा, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं की दोन वेगळी माणसं तयार होतात आणि ती एक करायला पत्रव्यवहार करावा लागतो.

आणि पहिल्या दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. इथे पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन इमारतीतल्या पेट्यांवरची नावं वाचतो, नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. तुमचं माहेरचं आडनाव पासपोर्टवर असेल तर दोन्ही आडनावं लावा. कर-क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं ह्याच पेटीत येणार आहे. कधी पिवळं, म्हणजे सरकारी नोटिशीचं, पाकीट आलं तर पत्रासोबत पाकीटही जपून ठेवा. पोस्टमनने ते पेटीत टाकल्याची तारीख त्यावर लिहिलेली असते आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही फोडल्यापासून नाही.

व्हिसावरची शेवटची तारीख चौघांची वेगवेगळी असू शकते, प्रत्येकाची बघा. निवासपरवान्याचा अर्ज त्या तारखेच्या आत गेला पाहिजे. कार्ड नंतर आलं तरी चालतं, मधल्या काळासाठी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मागून घ्यायचा.

कोकणकडा

उत्तरायण यांनी कागदांचं नीट सांगितलंय, मी घरावर लिहितो.

जाहिरातीत काल्टमीट म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीट म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिना-सफाई आणि बहुतेक वेळा हीटिंग मिळवून. वीज आणि इंटरनेट बहुधा दोन्हींत नसतं. 'तीन खोल्या' म्हणजे हॉल धरून तीन, म्हणजे आपला टू बीएचके. आणि किचन! बरीच घरं ओट्याशिवाय, शेगडीशिवाय, सिंकशिवाय मिळतात, छताला दिव्याच्या जागी नुसत्या तारा लोंबत असतात. मुलं लहान आहेत, तर जाहिरातीत आइनबाउक्युशे, म्हणजे बसवलेलं किचन, हा शब्द आहे का ते पाहूनच अर्ज करा. नाहीतर किचन बसवेपर्यंत काही आठवडे जातील.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीट. भाडं ११०० असेल तर ३३०० युरोच्या वर कायद्याने मागता येत नाही, आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, पहिला हप्ता करार सुरू होताना. घर न पाहता, 'मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल' असं म्हणून कोणी पैसे मागितले तर ती फसवणूकच समजा. नव्याने आलेल्यांचा शूफा, म्हणजे इथला पतअहवाल, कोराच असतो. त्याऐवजी नोकरीचा करार, पगाराचा आकडा, पासपोर्ट-व्हिसाची प्रत आणि चौघांची ओळख करून देणारं एक पान जर्मनमध्ये, असं सगळं एका पीडीएफमध्ये तयार ठेवा. चांगल्या जाहिरातीला काही तासांत ढीगभर अर्ज जातात, तेव्हा कागद गोळा करायला वेळ नसतो.

किल्ली घेताना युबरगाबेप्रोटोकोल, म्हणजे घर ताब्यात घेतानाच्या स्थितीची नोंद, भरतात. भिंतीवरचा ओरखडा, टाइलची चीर, खिडकीचा न बसणारा दांडा, सगळं त्यात लिहून घ्या आणि फोटो काढा. मीटरचे नंबर, त्यावरचे आकडे आणि किती किल्ल्या मिळाल्या तेही. विजेच्या मीटरचा नंबर घेऊन कंपनीशी करार राहायला जायच्या आधी करा, कारण ६ जून २०२५ पासून मागच्या तारखेने जोडणी घेता येत नाही. करार केला नाही तरी वीज बंद होत नाही, तुम्ही आपोआप त्या भागातल्या मूळ पुरवठादाराकडे जाता. तो दर बहुधा महाग असतो, पण दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येतो.

आता बुरशी. आपल्या लोकांचं डिपॉझिट कापलं जाण्याचं हे मोठं कारण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२० अंश तापमानाची हवा एका घनमीटरमागे साधारण १७ ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. शून्य अंशाची जेमतेम ५ ग्रॅम. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, गरम पाण्याची अंघोळ, दोरीवरचे कपडे आणि चार माणसांचा श्वास, ही सगळी वाफ घरातच राहते. खिडक्या इतक्या घट्ट असतात की फटीतून काही बाहेर जात नाही. ती वाफ घरातल्या सगळ्यात थंड जागी जाऊन बसते : बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची जागा, खिडकीची खालची कड. तिथे आधी ओल येते, मग काळे ठिपके.

उपाय म्हणजे श्टोसल्युफ्टन. खिडकी सताड उघडायची, समोरासमोरच्या दोन उघडल्या तर उत्तम, हिवाळ्यात पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. तेवढ्या वेळापुरता रेडिएटर बंद. थंडी वाजते म्हणून खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवणं ही नेहमीची चूक. हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते आणि नेमकी तिथेच बुरशी धरते. दहा-पंधरा युरोचं आर्द्रता दाखवणारं यंत्र घ्या आणि काटा ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर पुढे ओढा. शेगडीवरची चिमणी हवा बाहेर टाकते की नुसती गाळून परत घरात सोडते ते पाहा. दुसऱ्या प्रकारची वास आणि तेल धरते, वाफ नाही, तेव्हा भात लावला की खिडकी उघडायचीच. न वापरत्या खोलीचं हीटिंग पूर्ण बंद करू नका, तिथे १६-१७ अंश तरी राहू द्या. रेडिएटरच्या नॉबवर ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, जास्त तापते एवढंच.

रविवारी ड्रिल नको, आणि रात्री १० ते सकाळी ६ मिक्सरही नको. काचेच्या बाटल्यांच्या कुंड्यांवर वेळ लिहिलेली असते, रविवारी त्यात बाटल्या टाकायच्या नाहीत.

शिसपेन्सिल

रानजाई, मुलीबद्दल माझा स्पष्ट सल्ला : तिसरीत बसवायला सांगा, चौथीत नको.

बायर्नमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. चौथीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला युबरट्रिट्सत्सॉयग्निस, म्हणजे पुढची शाळा ठरवणारं प्रगतिपत्रक, मिळतं, त्यात जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास ह्या तीन विषयांची सरासरी असते. इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधली), त्यापुढे मिटेलशूल (व्यवसाय-शिक्षणाकडे नेणारी). मार्चमध्ये येऊन चौथीत बसली तर दोन महिन्यांत, भाषा न येता, हा कागद हातात येईल. तिसरीत बसली तर तिला वर्षाहून जास्त वेळ मिळतो, आणि ९ वर्षांची मुलं इथे बहुतेक तिसरीतच असतात. म्हणजे ती मागे पडली असं होत नाही. पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या आणि मातृभाषा जर्मन नसलेल्या मुलांना, कमी गुण भाषेमुळेच आले असतील आणि ती उणीव भरून निघण्यासारखी असेल, तर ३.३३ पर्यंत सूट देता येते. वर्गशिक्षिकेशी हे चौथीच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा. पुढेही एका प्रकारच्या शाळेतून दुसऱ्या प्रकारात जाता येतं, तेव्हा ह्या एका कागदाचं ओझं मुलीच्या डोक्यावर ठेवू नका.

दुसरी गोष्ट उत्तरायण आणि कोकणकडा यांच्या मधली आहे. प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. सहा आठवड्यांनी घर बदललं आणि ते दुसऱ्या शाळेच्या हद्दीत असलं तर मुलीची शाळाही बदलते. त्याच शाळेत राहण्यासाठी गास्टशूलआनट्राग हा अर्ज करता येतो, पण मंजुरी गृहीत धरू नका. शक्य तर पक्कं घर त्याच हद्दीत शोधा. चार ओळखीचे चेहरे झाले असताना त्या वयाच्या मुलीला पुन्हा उपटून दुसरीकडे लावणं मला बरोबर वाटत नाही. घर मिळेपर्यंत शाळा लांबवू असंही करता येत नाही. शाळा सक्तीची आहे आणि घरी शिकवण्याला परवानगी नाही.

तिला डॉइचक्लासमध्ये, म्हणजे नव्याने जर्मन शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात, घालतील किंवा साध्या वर्गात बसवून जर्मनचे वेगळे तास देतील. शाळेत उपलब्ध काय आहे त्यावर ते ठरतं. शाळा दुपारी लवकर सुटते, काही दिवशी साडेअकराच्या सुमारासही. दुपारच्या सोयीसाठी, म्हणजे मिटागसबेट्रॉयुंग किंवा होर्टसाठी, प्रवेशाच्या दिवशीच नाव द्या. ऑगस्ट २०२६ पासून दिवसभराच्या सोयीचा हक्क येतोय, पण तो पहिलीपासून एकेक वर्ष पुढे सरकणार, तुमच्या मुलीला लागू होणार नाही.

गणितात ती हुशार असली तरी चिन्हांत अडखळेल. इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब : १.२५० म्हणजे साडेबाराशे आणि १,२५ म्हणजे सव्वा. गुणाकाराला मधोमध टिंब, भागाकाराला दोन टिंबं. हे आत्ताच घरी अर्धा तास बसून दाखवा.

भाषेत मात्र मराठीचा मोठा आधार आहे, तो वापरा. जर्मन २५ म्हणजे 'फ्युन्फ-उंड-त्स्वानत्सिश', पाच-आणि-वीस, अगदी आपल्या पंचवीससारखं. इंग्रजीतून शिकणारी मुलं इथे आकडे उलटे लिहितात. मराठीत पाढे म्हटलेल्या मुलीला आधी एकक ऐकायची सवय असते. एकोणतीसची भानगडही नाही, सरळ नऊ-आणि-वीस. तीन लिंगंही आहेत, तो-ती-तेसारखी देअर-दी-दास. फक्त कुठली वस्तू कुठल्या लिंगात ते नव्याने पाठ करायचं : सूर्य तिकडे 'ती' आणि मुलगी तिकडे 'ते'. घड्याळात एकच फसगत. 'हाल्ब फिअर' ऐकून त्यातला 'फिअर' म्हणजे चार धरून साडेचार समजू नका, ते साडेतीन. चाराकडे जाताना अर्धा तास, असा हिशोब.

मुलाच्या बाबतीत, किटाची, म्हणजे बालवाडीची, जागा हा हक्क असला तरी ती लगेच मिळेलच असं नाही. शहराच्या पोर्टलवर नाव घाला आणि जवळच्या चार-पाच किटांना स्वतंत्र मेलही करा. जागा मिळाली की आइनगेव्योनुंग असतं, रुळण्याचा काळ. सर्वसाधारण पद्धत अशी : पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर सोबत बसतात, मुलाला सोडून जायचं नाही, खेळायलाही ढकलायचं नाही. चौथ्या दिवशी मुलाला सांगून निरोप घ्यायचा आणि जास्तीत जास्त अर्धा तास बाहेर थांबायचं. तो दिवस सोमवार असेल तर मंगळवारी. शिक्षिकेच्या कडेवर तो शांत झाला तर वेळ हळूहळू वाढवतात, नाही झाला तर पुढचे काही दिवस सोडायचा प्रयत्नच करत नाहीत. ह्यात दोन ते चार आठवडे जातात. तुम्ही तुमचा भाषेचा वर्ग त्याच आठवड्यांत धरू नका. आणि त्याची नजर चुकवून कधीही निघू नका. एकदा तसं झालं की पोरगं दारावरून नजर हलवत नाही.

शिक्षिकेला एक चिठ्ठी करून द्या : तो म्हणतो 'शू' म्हणजे काय, 'पाणी' म्हणजे काय, 'दुखतंय', 'भूक', 'आई कुठे'. डाव्या बाजूला मराठी शब्द रोमन लिपीत, उजवीकडे जर्मन अर्थ. चार वर्षांच्या मुलाचं निम्मं रडणं आपलं कोणाला कळत नाही ह्याचं असतं.

घरी मराठीच बोला. तुमचं मोडकं जर्मन ऐकून त्यांचं जर्मन सुधारत नाही, मराठी मात्र जातं. जर्मन शाळा देईल. शाळेआधी फोरकुर्स डॉइच २४० नावाचा २४० तासांचा वर्ग असतो, निम्मा किटात आणि निम्मा प्राथमिक शाळेकडून. मुलाला तो मिळेल असं पाहा.

रानजाई

किती नीट सांगितलंत सगळ्यांनी. तिसरीचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. कंपनीला मेल केला आहे.

विम्याबद्दल कोणी सांगेल का? नवऱ्याचा पगार वर्षाला ७९,००० आहे आणि खाजगी विम्याचा हप्ता कमी दिसतोय. आणि लसींचं कार्ड आमच्याकडे दोन आहेत, एक सरकारी आणि एक डॉक्टरांचं. दोन्ही अर्धवट भरलेली.

पाणवठा

२०२६ साठी खाजगी विमा निवडायची पगारमर्यादा ७७,४०० आहे, म्हणून तुम्हाला पर्याय दिसतोय. तो घेऊ नका, असं मी ठामपणे म्हणेन.

दिसतोय तो हप्ता एकट्या नवऱ्याचा असेल. खाजगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा : तुमचा वेगळा, दोन मुलांचे वेगळे, आणि आधीचा काही आजार असेल तर त्यावर जास्तीची रक्कम. सरकारीत नवऱ्याच्या वर्गणीत तुम्ही आणि दोन्ही मुलं वेगळा पैसा न देता सामील होता, तुमची स्वतःची कमाई नसेल तोवर. वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के अधिक त्या त्या विमा कंपनीचा जादा टक्का, आणि निम्मी कंपनी भरते. एका मर्यादेवरच्या पगारावर ती वाढतही नाही. तुम्ही पुढे नोकरी धरलीत आणि सरकारीत गेलात तरी, जास्त कमावणारा नवरा खाजगीत असेल तर मुलं तुमच्या कार्डावर फुकट येऊ शकत नाहीत. खाजगीतून परत येणं अवघड, ५५ नंतर जवळपास अशक्य.

सरकारी विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. विमानातून उतरल्यापासून त्या दिवसापर्यंतचा प्रवासविमा चौघांचाही हवा. तो मोजून घ्या, वर आठवडाभर जास्त ठेवा.

लसी : गोवराचा कायदा १ मार्च २०२० पासून आहे. दोन वर्षांवरच्या मुलाचे गोवराचे दोन डोस झाल्याचा पुरावा असल्याशिवाय किटा घेत नाही. शाळाही तोच पुरावा मागते. नुसती टिकमार्क केलेली पानं चालत नाहीत. निघायच्या आधी डॉक्टरांकडून दोन्ही कार्डं एकत्र करून एका लेटरहेडवर लिहून घ्या : लसीचं नाव, तारीख, सही, शिक्का. एमआर आणि एमएमआर दोन्हींत गोवर येतो, तसं त्यावर लिहिलेलं असू दे. बीसीजीचाही उल्लेख हवा. जर्मनीत ती लस १९९८ पासून शिफारशीत नाही, त्यामुळे पुढे कधी टीबीची कातडीवरची चाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह दिसली तर विनाकारण धावपळ होते. बीसीजी झालंय असं सांगा आणि रक्ताची चाचणी मागा.

बालरोगतज्ज्ञ शोधायला आल्या आठवड्यात लागा, बरेच दवाखाने नवीन मुलं घेत नाहीत. रात्री-सुट्टीला ताप आला, जिवाला धोका नाही, तर ११६११७. जिवावरचं असेल तर ११२. मुलांच्या औषधांच्या चिठ्ठीवर १८ वर्षांपर्यंत जादा पैसे पडत नाहीत, पॅरासिटामॉलचं सिरपसुद्धा डॉक्टरकडून लिहून घेता येतं.

एक स्वस्त विमा मात्र नक्की घ्या, हाफ्टफ्लिष्ट. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो. सात वर्षांखालचं मूल कायद्याने जबाबदार नसतं, तेव्हा 'लहान मुलाने केलेलं नुकसान' आणि 'इमारतीची किल्ली हरवणं' ह्या दोन गोष्टी त्यात आहेत का तेवढं वाचून घ्या. एक किल्ली हरवली की कधी कधी अख्ख्या इमारतीची कुलपं बदलावी लागतात.

उत्तरायण

एक राहिलंच. नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. टीव्ही असो नसो, प्रत्येक घराला द्यावीच लागते. पण घराला एकदाच. पत्र तुम्हाला वेगळं आणि नवऱ्याला वेगळं येतं, आणि घाबरून दोघं भरतात. एकाने खातं उघडायचं, दुसऱ्याने त्या खात्याचा क्रमांक कळवायचा. कचऱ्यात टाकलं तर दंडासकट परत येतं.

गोधडी

सामानाचं मी सांगते.

तूप, पेढे, खवा, पनीर काही आणू नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, घरचं कढवलेलं तूपसुद्धा त्यात आलं. ताजा कढीपत्ता आणि आंबे रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय आणता येत नाहीत. गोडा मसाला, हळद, मेतकूट, पोहे, कोकम खुशाल आणा. रोजची औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

वीज इथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, म्हणून मिक्सर चालतो. पण आपली तीन पिन बसत नाही. अर्थिंगचा संपर्क असलेला जाड अडॅप्टर घ्या, प्रवासाचा दोन पिनांचा मिक्सरला नको.

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन वर्षांचे निकाल घ्या. दोघांची ड्रायव्हिंग लायसन्स घ्या. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, तेही भाषांतरासह, नंतर लेखी आणि गाडीवरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. गाडी लागणार असेल तर तयारी लगेच सुरू करा.

भारतातलं मोबाइल सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. रोमिंग भारतात असतानाच चालू करून घ्या आणि किमान रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं, भारतातल्या पैशांसाठीचं) करून घ्यावं लागतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. आणि हे बहुतेकांना उशिरा कळतं : जर्मनीत राहायला लागलात की भारतातल्या एफडीचं व्याजही जर्मन विवरणपत्रात दाखवायचं. एनआरई (परदेशी कमाई ठेवायच्या) खात्यावर भारतात कर नाही म्हणून इथेही नाही, असं होत नाही.

रानजाई

धन्यवाद, पेढ्यांचा डबा यादीतून काढला. एकच शेवटचं : कुकर आणायचा की तिथे घ्यायचा? आमचा जुना ॲल्युमिनियमचा आहे, पाच लिटरचा.

गोधडी

तो ठेवून या. इथल्या शेगड्या बहुतेक काचेच्या, साध्या गरम होणाऱ्या किंवा इंडक्शनच्या. इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापतच नाही. साध्या काचेवर चालतं, पण तळ थोडा जरी बाक आलेला असेल तर मधेच करपतं आणि काचेवर राखाडी ओरखडे उठतात, ते घर सोडताना निघत नाहीत. नवा स्टीलचा तिकडूनच घेऊन या. दुकानात फ्रिजवरचं एक चुंबक घेऊन जा. स्टीलच्या कुकरच्या तळाला ते घट्ट चिकटलं आणि तळावर पट्टी आडवी ठेवली तर खालून उजेड दिसला नाही, की तो घ्या. सोबत दोन गास्केट आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे ठेवा, त्या मापाचे इथे सहज मिळत नाहीत. गोल बुडाची कढई आणू नका, सपाट बुडाची आणा.